मिशनच्या शाळेची घंटा

मराठी घरात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. कॉन्व्हेंट म्हणजे संन्यासिनींचा मठ, आणि त्या मठाला जोडून चालणारी शाळा ती कॉन्व्हेंट स्कूल. पण शब्दाने मठ केव्हाच सोडला. तालुक्याच्या गावी दोन गाळ्यांत भरणाऱ्या शाळेवरही देवाचे, पुढाऱ्याचे, नाहीतर संस्थापकांच्या मातोश्रींचे नाव आणि त्यापुढे ‘कॉन्व्हेंट’ असा फलक झळकतो. विदर्भात तर केजीच्या वर्गालाच सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. लग्नाच्या जाहिरातींत ‘कॉन्व्हेंट शिक्षित वधू पाहिजे’ ही ओळ आपण वर्षानुवर्षे वाचली. तिचा अर्थ मुलीने बायबल वाचलेले असावे असा खचितच नव्हता. फाडफाड इंग्रजी, टापटीप आणि चारचौघांत वावरण्याची सवय एवढेच त्यात अपेक्षित होते.

महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज किती? २०११ च्या जनगणनेनुसार एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान समाजाच्या शाळेचे नाव बाकीच्या समाजाने उचलून आपल्या शाळांना लावावे, हा काही लहानसहान चमत्कार नव्हे. नाव उचलले जाते ते त्यामागे काहीतरी मोलाचे असते म्हणूनच. ते मोलाचे नेमके काय, ते कुणासाठी होते आणि आज कुणाच्या वाट्याला येते, हे मुलांच्या शाळेची काळजी करणाऱ्या प्रत्येक घराने एकदा बसून पाहावे असे आहे.

पहिल्या घंटेपासून

अशा शाळेचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला एकसुरी वाटेल. सकाळी फाटक ठरल्या मिनिटाला बंद होते. उशिरा आलेला मुलगा आत घेतला जातो, पण त्याच्या कॅलेंडरमध्ये शेरा पडून. हे कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचे नव्हे. शाळेचे नियम, प्रार्थना, शाळेचे गीत, सुट्ट्यांची यादी, परीक्षांच्या तारखा आणि शेऱ्यांची पाने असलेली ती छोटी पुस्तिका. जुन्या मिशनरी शाळांत दप्तरात भूगोलाचे पुस्तक नसले तर एकवेळ चालायचे, कॅलेंडर नसले तर नाही. उशीर, गैरहजेरी, अपुरा गृहपाठ, सगळे त्यात लिहिले जाई आणि त्याखाली पालकांची सही लागे. घर आणि शाळा यांच्यात रोज ये-जा करणारा तो टपालवालाच होता म्हणा ना.

मग असेंब्ली. रांगा, प्रार्थना, एखादा सुविचार, वर्तमानपत्रातले चार मथळे, राष्ट्रगीत. मथळे वाचायला रोज नवा मुलगा किंवा मुलगी. सातवीतल्या मुलीला हजार मुलांसमोर मायक्रोफोनपुढे उभे राहून चार ओळी वाचाव्या लागतात. पहिल्यांदा पाय लटपटतात, तिसऱ्यांदा लटपटत नाहीत. ‘कॉन्व्हेंटच्या मुलींना धीटपणा असतो’ असे जे आपण म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. ते रक्तात नसते आणि केवळ इंग्रजीतही नसते. पाळी येते म्हणून ते येते.

असेंब्लीनंतर वर्गशिक्षिकेची फेरी. नखे, केस, रुमाल, बॅज. पी.टी.च्या दिवशी पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. आदल्या रात्री बूट धुवायचे राहिले की सकाळी त्यांना खडू फासून वेळ मारून नेण्याची युक्ती कित्येक पिढ्यांनी केली आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी दोन ओळींची प्रार्थना, आणि ती सगळ्या धर्मांची मुले सवयीने म्हणतात. शाळेची मुले तीन-चार ‘हाउस’मध्ये वाटलेली असतात, तांबडे, निळे, हिरवे, पिवळे. धावण्याची शर्यत, वक्तृत्व, समूहगीत, फळ्यावरचे सुशोभन, सगळ्याचे गुण हाउसला मिळतात. वर्गात पंचविसावा येणारा मुलगाही कबड्डीत किंवा नाटकात हाउसला दोन गुण मिळवून देतो आणि त्या दिवसापुरता कुणीतरी होतो. आपल्या गुणपत्रिकेच्या संस्कृतीत ही सोय फार मोलाची आहे.

वर्षाला स्वतःची लय असते. जुलैअखेरीस जेझुइट शाळांत संत इग्नेशियसचा दिवस, सप्टेंबरच्या ८ तारखेला मेरीमातेचा जन्मदिवस, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, मग नाताळचा गोठा आणि कॅरोल्स. त्याच शाळेत शिक्षक दिनाला दहावीची मुले साड्या आणि टाय घालून वर्ग घेतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधी व्हरांड्यात कंदील लागतात. पाचगणी, देवळालीसारख्या ठिकाणच्या निवासी शाळांत या सगळ्याला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या असत. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून करायचा मुकाट अभ्यास आणि आठवड्याला घरी लिहायचे पत्र. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये झांझिबारहून आलेला फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा पियानो शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याच्याही शाळकरी दिवसांवर अशीच घंटा वाजत होती.

अभ्यास: चारशे वर्षांची सवय

ही शिस्त केवळ इंग्रजांची लष्करी हौस होती असे समजण्याचे कारण नाही. जेझुइट संघाने १५९९ साली आपल्या साऱ्या शाळांसाठी अभ्यासाची एक नियमावली तयार केली. ‘रॅशिओ स्टुडिओरम’ हे तिचे नाव. तिच्यातली पद्धत आजच्या गृहिणीलाही पटेल इतकी साधी आहे. मुलाला धडा नुसता वाचून आण म्हणून सांगायचे नाही. आधी शिक्षकाने तो वर्गात उलगडून दाखवायचा, अडेल तिथे हात द्यायचा, मगच मुलाला घरी पाठवायचे. दुसऱ्या दिवशी सुरुवात कालच्या उजळणीने, आणि शनिवारी आठवड्याची उजळणी. वर्गाचे दोन तट पाडून त्यांच्यात प्रश्नोत्तरांची चढाओढ लावायची. मुंबई-पुण्याच्या शाळांतली आठवड्याची चाचणी आणि तोंडी उजळणी यांचे गोत्र या नियमावलीशी जुळते.

दुसरा धागा डॉन बॉस्को या इटालियन धर्मगुरूचा. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा त्यांच्याच संघाची. तुरिन शहरातल्या रस्त्यावरच्या पोरांना हाताशी धरून त्यांनी काम उभे केले आणि १८७७ साली आपली पद्धत लिहून ठेवली. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा ते चुकण्याआधी शिक्षक त्याच्याजवळ असला पाहिजे, हे तिचे सार. म्हणून त्यांच्या शाळांत फादर मधल्या सुट्टीत कार्यालयात चहा पीत बसत नाहीत, मैदानावर असतात. झगा खोचून फुटबॉल खेळणारे फादर ही प्रतिमा आपल्याला गमतीची वाटते. त्यामागे शिक्षणाचा पक्का विचार आहे.

माध्यमिक वर्गांत या पद्धतीचा कस लागतो. पाचवी-सहावीपर्यंत गोड बोलून भागते. आठवीनंतर बीजगणित, शास्त्राच्या आकृत्या, इतिहासाच्या सनावळ्या आणि दहावीचा बागुलबुवा. चांगल्या मिशनरी शाळेत इंग्रजीच्या तासाला व्याकरण घटवून घेतले जाई, ‘रेन अँड मार्टिन’मधल्या वाक्यांचे पृथक्करण होई. निबंध पंधरवड्याला एक, आणि तो तांबड्या शाईने तपासून परत मिळे. चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा. यात चमत्कार काही नाही. वही तपासली जाते, तपासलेली वही मुलाला परत मिळते आणि मुलाने चूक सुधारली की नाही हे पुन्हा पाहिले जाते. ही तिसरी पायरी जिथे गळते तिथे शाळा इंग्रजी असो की मराठी, अभ्यास पोकळ राहतो.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मिशनची शाळा म्हणजे महागडी’ हे सरसकट खरे नाही. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या अनेक शाळा एस.एस.सी. बोर्डाच्या आणि अनुदानित आहेत. तिथे गिरणी कामगाराची, रिक्षावाल्याची, कारकुनाची मुले एका बाकावर बसून शिकली. दुसरीकडे आय.सी.एस.ई. मंडळाच्या, मोठे शुल्क घेणाऱ्या शाळाही आहेत. फाटकावरचा क्रूस एकच असला तरी आतले अर्थकारण एक नाही.

आरंभ मराठीत, आणि मुलींसाठी

आज या शाळांकडे आपण इंग्रजीची खाण म्हणून पाहतो. गंमत अशी की त्यांचा आपल्याकडचा आरंभ मराठीत झाला, आणि तोही ज्यांना कुणी शिकवत नव्हते अशांसाठी. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली. मिशनच्या नावातच मराठी होती. त्यांनी मराठी शिकून मराठीत छापले, मराठीत शिकवले. मुलींसाठी मुंबईतली त्यांची पहिली शाळा १८२४ सालची. १८२९ साली आलेल्या स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनीही लगेच मुलींच्या शाळा काढल्या. त्या १८३५ साली मुंबईतच वारल्या.

सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या आणि १८६२ साली मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला, आणि १८४८ साली ती शाळा निघाली. फुले स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही फरारबाईंच्या नगरच्या शाळेचे नाव घेतले जाते. म्हणजे आपण ज्यांना स्त्रीशिक्षणाचे आद्य प्रवर्तक म्हणून वंदन करतो, त्यांच्या वाटेवर मिशनच्या शाळेचा एक दिवा होता. फुल्यांनी त्यावरून स्वतःचा दिवा लावला, धर्म मात्र बदलला नाही. घ्यावे काय आणि सोडावे काय याचा इतका स्वच्छ विवेक पुढे फार थोड्यांनी दाखवला.

इंग्रजी शाळांची लाट नंतरची. १८५३ साली रेल्वे धावली, छावण्या वाढल्या, तारखाते आले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले. साहेबांच्या, अँग्लो-इंडियनांच्या आणि रेल्वेतल्या नोकरदारांच्या मुलांसाठी शाळा हव्या होत्या. मग माझगावचे सेंट मेरीज आणि पुण्याचे बिशप्स १८६४ साली, पुण्याचे सेंट मेरीज १८६६, सेंट व्हिन्सेंट १८६७, मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९, अशी पाच-सहा वर्षांत रांगच लागली. नगरच्या मातीतली मराठी शाळा आणि पुणे कॅम्पातली इंग्रजी शाळा, दोन्ही मिशनच्याच. पण त्या वेगवेगळ्या मुलांसाठी निघाल्या होत्या हे लक्षात ठेवले पाहिजे.

बाटण्याची भीती

मराठी घराने या शाळांवर सुखासुखी विश्वास टाकला नाही. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा केवढा गहजब झाला. पालकांनी मुले काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा लहान भाऊ श्रीपत याला न्यायालयाने घरी परत पाठवले, पण त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचे की नाही यावरून शास्त्रीमंडळी आपसांत भांडली. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातही १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला, हेही विसरता येत नाही. एकाच दारातून भीती आणि उद्धार दोन्ही बाहेर पडले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या भीतीवर शांत डोक्याने तोडगा काढला. तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या कलमाने सांगितले की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणूनच आज त्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले कॅटेकिझमला जातात, बाकीची मुले मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात. खोटे बोलू नये, गरिबाला मदत करावी, आईवडिलांचे ऐकावे, या गोष्टी तिथे शिकवल्या जातात. बहुतेक मुले तो तास चित्रे काढण्यात घालवतात हा भाग वेगळा. पिढ्यान्‌पिढ्या या शाळांत शिकलेली लाखो मराठी मुले घरी येऊन गणपतीची आरती म्हणतात आणि नाताळची गाणीही गुणगुणतात. दोहोंत त्यांना काही विसंगत वाटत नाही.

देवळालीचा खटला

भाषेची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. ६ जानेवारी १९५४ रोजी तत्कालीन मुंबई सरकारने एक आदेश काढला. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक, म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी आहे, त्यांच्याशिवाय अन्य मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश देऊ नये, असा तो आदेश. हेतू राष्ट्रीय भाषांना बळ देण्याचा. परिणाम असा की भारतीय मुलापुढे त्याच्याच देशातल्या शाळेचे दार त्याच्या मातृभाषेमुळे बंद झाले.

नाशिकजवळच्या देवळालीची बार्न्स हायस्कूल ही अँग्लिकन परंपरेतली निवासी शाळा १९२५ सालची. १९५३ च्या अखेरीस तिथे ४१५ मुले शिकत होती. त्यांतली २१२ अँग्लो-इंडियन, उरलेली २०३ इतर भारतीय समाजांची. शाळा चालवणारी संस्था न्यायालयात गेली. तिच्या बरोबरीने दोन वडीलही गेले. एक भारतीय ख्रिस्ती, दुसरे गुजराती भाषक. दोघांच्याही मुलांना या आदेशामुळे प्रवेश नाकारला गेला होता. उच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरवला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे एक. दुसरे असे की अँग्लो-इंडियन शाळांनी किमान ४० टक्के जागा इतर समाजांतल्या मुलांना खुल्या ठेवाव्यात, ही तर घटनेनेच त्यांच्या खास अनुदानासाठी घातलेली अट होती.

या खटल्याची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही. पण आज मराठी, गुजराती, सिंधी घरांतली मुले ज्या फाटकातून निर्धास्तपणे आत जातात, ते फाटक त्या निकालाने उघडे ठेवले. दार उघडे ठेवण्यासाठी मिशनची शाळा आणि सामान्य पालक एकाच बाजूला उभे होते, हे या गोष्टीतले लक्षात ठेवण्याजोगे.

आत आल्यावर मराठीचे काय?

दार उघडले, पण आत शिरताना कित्येक मुलांना आपली भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवावी लागली. मैदानावर मराठी बोलल्यास दंड, नावापुढे फुली, गळ्यात पाटी, असे प्रकार इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत घडत आले आणि त्यात मिशनच्या शाळाही होत्या. त्याहून सूक्ष्म नुकसान असे की मराठीचा तास हा ‘दुय्यम’ तास ठरला. मराठीच्या बाईंना वर्ग ‘मिस’ म्हणतो खरा, पण त्यांच्या तासाला आवाज वाढतो. घरी आजीशी बोलताना मुलगा अर्ध्या वाक्यात अडतो आणि आपण त्याचे कौतुक करतो. दोष एकट्या शाळेचा नाही. प्रवेशाच्या वेळी ‘सिस्टर, घरीसुद्धा आम्ही इंग्रजीच बोलतो हं’ असे आवर्जून सांगणारे आईबाप कुणाचे?

याउलट वसईत पाहा. तिथला कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतो आणि चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांत शिकला. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती शाळा म्हणजे इंग्रजी शाळा या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. आता मात्र वसईतही पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे. गोव्यात १९९० साली सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठीसारख्या भाषांपुरते ठेवले, तेव्हा धर्मप्रांताच्या बहुतेक प्राथमिक शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ साली इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि भाषेचा वाद पुन्हा पेटला. सरकार एकीकडे ओढते, पालक दुसरीकडे, आणि शाळा मध्ये उभी.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. कायद्याने तास मिळतो, गोडी मिळत नाही. ती गोडी लावणारा शिक्षक त्याच शाळेत, त्याच निष्ठेने नेमला गेला पाहिजे. चारशे वर्षे उजळणी घेणाऱ्या परंपरेला हे अवघड जाऊ नये.

फाटकाबाहेर कोण?

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात दुखणे नेमके सांगितले होते. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षण वरच्या वर्गांच्या मुलांचे. आज मिशनच्या नामवंत शाळांकडे पाहताना तेच शब्द आठवतात. ज्या परंपरेने शाळेची पायरी कधी न चढलेल्या मुलींना हाताला धरून आणले, तिच्या सर्वांत प्रसिद्ध फाटकांपुढे आज मोटारींची रांग असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांवर प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना देण्याचे बंधन घातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने त्यावर फेरविचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. पण ज्या शाळांना सक्तीपासून सूट मिळाली, त्यांच्यावर नैतिक जबाबदारी अधिकच येते. १९५४ साली ‘दार सगळ्यांना उघडे हवे’ म्हणून न्यायालयाची पायरी चढलेली परंपरा ती हीच.

शाळेच्या आतही बदल झाला आहे. शुभ्र झग्यातल्या सिस्टर आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत दिसल्या तर दिसतात. संन्यास घेणारी माणसे कमी झाली आहेत आणि वर्गावर बहुतांशी संसारी शिक्षिका आहेत. संध्याकाळी सहाला शाळेतच वह्या तपासत बसणाऱ्या, घर नसल्यामुळे शाळा हेच घर असलेल्या माणसांवर ही व्यवस्था उभी होती. तिचा तो पाया झिजतो आहे. दुसऱ्या बाजूने कोचिंग क्लासने आठवी-नववीपासूनच अभ्यास ताब्यात घेतला. मुलगा सकाळी शाळेत विश्रांती घेतो आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकतो अशी उलटी गत. शारीरिक शिक्षेवर कायद्याने बंदी आली हे फार चांगले झाले. जुन्या शाळांतल्या वेताच्या छडीची आठवण काही माजी विद्यार्थी कौतुकाने काढतात, पण ती छडी शिस्त नव्हती, शिस्तीचे अपयश होते.

मग कॉन्व्हेंटकडून घ्यावे काय? नाव घेऊन झाले, गळ्यात टाय घालून झाला, इंग्रजीचा सोसही झाला. जे घ्यायचे ते राहूनच गेले आहे. घंटा वेळेवर वाजणे. शिक्षक मैदानावर मुलांच्यात असणे. वही तपासून परत येणे आणि पुन्हा पाहिली जाणे. प्रत्येक मुलाची चारचौघांत उभे राहण्याची पाळी येणे. घर आणि शाळा यांच्यात रोज सहीनिशी निरोप जाणे. यातल्या एकाही गोष्टीला इंग्रजी लागत नाही, मोठे शुल्क लागत नाही आणि बाप्तिस्माही लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे होऊ शकते आणि काही ठिकाणी एखाद्या ध्येयवेड्या गुरुजींमुळे होतेही.

पुढच्या वर्षी मुलासाठी शाळा पाहायला जाल तेव्हा माध्यम, मंडळ आणि बस कुठून सुटते हे विचाराच. पण त्याआधी एखाद्या मुलाची मागच्या महिन्यातली निबंधाची वही पाहायला मागा. तांबड्या शाईच्या खुणा आणि त्याखाली सुधारलेली वाक्ये दिसली, तर ती शाळा चांगली. मग तिच्या फाटकावर क्रूस असो, सरस्वती असो, नाहीतर नुसता गंजलेला पत्र्याचा फलक असो.